फोरलेन टच, टायगर टच, भेल टच

साकोलीत यंदा पीक जोरात आहे. धानाचं बोलत नाही. धानाचा बोनस कधी जमा होईल ते मंत्रालयाला ठाऊक. हे पीक वेगळं. राष्ट्रीय महामार्ग 53 च्या दोन्ही अंगांना, ज्या बांध्यांत पावसाळ्यात पऱ्ह्यांची रोवणी व्हायची, तिथे आता बारमाही सिमेंटच्या खुणा रोवल्या जातात. या पिकाला युरिया लागत नाही, तुडतुडा लागत नाही, आणि हमीभाव थेट फलकावर लिहिलेला असतो : ‘दहा वर्षांत दुप्पट!’

आमच्याकडचा गुंतवणूकदार म्हणजे बहुतेक गुरुजी. पगार दरमहा, मुलं नागपुरात, शिक्षक पतसंस्थेत कर्ज तयार. समोर प्लॉटवाले भाऊ : पांढरा सदरा, दोन फोन, गाडीच्या डिकीत नकाशांची गुंडाळी.

‘‘गुरुजी, दहा वर्सांत डबल. लिहून घ्या.’’

‘‘लिहून द्याल का?’’

‘‘आता तुमी असे बोलून रायले म्हणजे विश्वास नाही म्हना ना.’’

गुरुजी वर्गात चक्रवाढ व्याज शिकवतात. 72 ला वर्षांनी भागलं की दर निघतो, हे ते मुलांकडून पाठ करून घेतात. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण 7.2 टक्के. टपाल खात्याचं किसान विकास पत्र 2023 पासून 115 महिन्यांत पैसे दुप्पट करून देतंय, म्हणजे भाऊंच्या आधी पाच महिने. तिथे मुद्रांक शुल्क नाही, मोजणी नाही, शेजाऱ्याचा धुरा आपल्या हद्दीत सरकत नाही आणि पावसाळ्यात बेशरम उगवत नाही. उलट दहा लाखांच्या प्लॉटला मुद्रांक आणि नोंदणी मिळून साठ-सत्तर हजार आधीच जातात. तो खर्च धरला की भाऊंची ‘दुप्पट’ साडेसहा टक्क्यांवर येते. पत्राच्या व्याजावर कर लागतो, हे मान्य. पण प्लॉटच्या नफ्यावरही साडेबारा टक्के लागतातच. अर्थात पोस्टमास्तर कुणाला गाडीत बसवून साइट दाखवायला नेत नाही आणि ढाब्यावर जेवू घालत नाही, म्हणून त्याची योजना पडून आहे.

घर बांधून भाड्यानं देणाऱ्यांचा हिशेब आणखी रंगतदार असतो. समजा घर 30 लाखांचं, त्यातले 24 लाख बँकेचे, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता येतो 20,828 रुपये. पहिल्या हप्त्यातले 17,000 नुसतं व्याज; घराच्या वाट्याला उरतात 3,828. वीस वर्षांत फेड होते जवळपास पन्नास लाखांची. आता भाडं सात हजार धरा. साकोलीत एवढं भाडं सांगितलं की भाडेकरू आधी पाणी पितो. वर्षाचे 84 हजार, म्हणजे 30 लाखांवर 2.8 टक्के. साडेआठनं आणून पावणेतीननं वाटण्याच्या या धंद्याला आमच्याकडे ‘मुलांसाठी करून ठेवलंय’ म्हणतात. मुलं पुण्यातून फोन करून विचारतात, विकलं का?

कर्ज देताना बँक मात्र जागा बघते, साइटवरचा सूर्यास्त बघत नाही. तिचा वकील तीस वर्षांचे जुने दस्त चाळतो, आखीव पत्रिका मागतो, लेआउट मंजूर आहे का, अकृषिक आहे का विचारतो. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 च्या अधिसूचनेनं जिरायत जमिनीचा तुकडा किमान 20 गुंठ्यांचा आणि बागायतीचा 10 गुंठ्यांचा ठरवला. भाऊ मात्र दीड-दीड गुंठा ‘नोटरीवर’ देतात. 500 चौरस मीटरवरच्या लेआउटला महारेराची नोंदणी लागते. भाऊ म्हणतात, ‘‘ते पुन्यामुंबईसाठी हाये जी.’’ अशा प्लॉटला बँकेनं कर्ज नाकारलं, तर तो देशातला सर्वांत स्वस्त कायदेशीर सल्ला समजावा. गुरुजी तो ऐकतात आणि पतसंस्थेकडे वळतात.

भावाचं म्हणाल, तर आमच्या जागेचा भाव भाड्यावर ठरत नाही, घोषणेवर ठरतो. 2024 मध्ये साकोलीची आमदारकी 208 मतांनी ठरली. एवढा काटेकोर हिशेब इथे प्लॉटच्या बाबतीत कुणी केलेला नाही. घोषणांची परंपरा जुनी आहे. 2013 सालीच बघा. त्या वर्षी इथे दोन प्रकल्प आले. एक नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. दुसरा मुंडीपारचा भेल. केंद्रात अवजड उद्योग खातं प्रफुल्ल पटेलांकडे, मतदारसंघही त्यांचाच भंडारा-गोंदिया, त्यामुळे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा सौर पॅनेलचा कारखाना साकोली तालुक्यात येणार, हे वाऱ्यासारखं पसरलं. गुंतवणुकीचे आकडे हजारो कोटींचे. मुंडीपार परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, भूमिपूजन झालं, भाषणं झाली. पुढच्याच वर्षी निवडणूक होऊन खासदार बदलला, सरकार बदललं. वाघ आले, राहिले, त्यांची संख्याही मोजली जाते. कारखाना आला नाही.

तरी भेलला तोट्याचा प्रकल्प म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यानं घोषणेच्या आधी घेतलं आणि भूमिपूजनाच्या आसपास विकलं, त्याचा नफा खराखुरा होता. त्यानं एक पॅनेलही न बनवता सौरऊर्जेतून पैसा काढला. ज्यानं भूमिपूजनाच्या फोटोवर विश्वास ठेवून कामगारांसाठी खोल्या बांधायला जागा घेतली, तो अजून कामगारांची वाट बघतोय. आणि ज्याची बांधीच गेली, तो ना धानात राहिला ना सौरात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला जोखीम म्हणतात, आणि ती नफ्याच्या प्रमाणात असते असं सांगतात. मुंडीपारला नफा एकाचा होता, जोखीम दुसऱ्याची. हा अध्याय पुस्तकात नाही.

आता समृद्धी गोंदियापर्यंत वाढणार, अशी हवा आहे. ती साकोलीपासून किती लांबून जाणार, हे विचारणारा माणूस नकारात्मक समजला जातो.

कराचं ज्ञान मात्र सर्वांना आहे, आणि तेही सोयीचं. ‘शेतजमिनीवर नफ्याचा कर नाही’ हे वाक्य इथे शेंबड्या पोरालाही पाठ. त्याचं शेपूट कुणाला नको असतं. दहा हजारांच्या वर लोकसंख्या असलेली नगरपरिषद असेल, तर तिच्या हद्दीतली आणि हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली शेती करमुक्त राहत नाही. आणि हे अंतर रस्त्यानं नव्हे, हवेतून मोजायचं असतं. रस्ता नाल्याला वळसा घालून साडेतीन किलोमीटर जातो, कावळा सरळ दीड किलोमीटरमध्ये पोचतो, आणि प्राप्तिकर खातं कावळ्याचं ऐकतं. गाव ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत गेलं तेव्हा आम्ही गुलाल उधळला. विकायची वेळ आली तेव्हा कळलं, गुलाल शेतापर्यंत उडाला होता.

रोखीचा प्रकारही असाच निरागस. रेडीरेकनरएवढे चेकनं, उरलेले पिशवीतून. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय पिशवीतले पैसे दस्तावर नसतात, म्हणून पुढे विकताना खरेदीची किंमत कमी दिसते, नफा फुगतो आणि कर वाढतो. आज वाचवलेला मुद्रांक उद्या कराच्या रूपानं घरी येतो.

गुरुजींनी शेवटी प्लॉट घेतलाच, आणि मोठ्या हुशारीनं बाईंच्या नावानं. महिलेच्या नावावर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, हे त्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलं होतं. दुय्यम निबंधकाकडे कळलं की 2021 पासूनची ती सूट राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. गुरुजी भाऊंकडे बघायला लागले.

‘‘मंग बांधा ना जी घर,’’ भाऊ म्हणाले. ‘‘सिमेंट, गिट्टी, सारं आपल्याच भाच्याकडं हाये.’’