दोन धावपट्ट्या, पाळी एकीचीच

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन; पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी चालते एकच. एका चुलीवरच्या दोन जावा म्हणा! उतरताना विमानाला वारा समोरून लागतो. पावसाळ्यात तो समुद्राकडून येतो, म्हणून बहुतेक विमानं घाटकोपरच्या बाजूनं पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. वाऱ्याची दिशा पाहून तोंड फिरवण्यात आपले पुढारीही तरबेज. पण ते वारा पाठीवर घेतात. जुलै २०१९मध्ये मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं, आणि सगळा भार आखूड धावपट्टीवर आला. मे महिन्यात मात्र दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवून डागडुजी होते. पावसाळापूर्व काम पावसाळ्यापूर्वीच! नालेसफाईच्या ठेकेदारांची तिथे एकदा सहल न्यावी.