सोल्डरिंग आयर्नची बढती
बारा वर्षे इमानेइतबारे चाकरी करून, टोक काळे पडल्यावर कथिलाचा थेंबही अंगी लावून न घेणारे आमचे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न अखेर बडतर्फ झाले, आणि लॅमिंग्टन रोडवरून, गृहखात्याच्या मंजुरीवाचूनच, तापमानाचा आकडा दाखवणारे सोल्डरिंग स्टेशन आम्ही समारंभपूर्वक घरी आणले. ६३:३७ प्रमाणातला कथील-शिशाचा मिश्रधातू १८३ अंशांवर वितळतो, एवढ्या विद्वत्तेच्या बळावर आकडा ३५० वर स्थिर केला. राळेचा धूर दरवळला, मुक्या रेडिओतला सांधा आरशासारखा चकाकला, आणि आजवर ‘अवजाराचा दोष’ असा शेरा मारून दफ्तरदाखल केलेली यच्चयावत प्रकरणे आमच्या हातांविरुद्ध नव्याने उभी राहिली. रेडिओ अद्याप मुकाच आहे. ट्रान्झिस्टर उलटा बसवला होता.