आरोपी : फरशी

परवा दिल्लीतल्या एका सरकारी ओपीडीत तासभर बाकावर बसलो होतो. माझ्या पुढे पंचविशीतली एक बाई. डोळ्याखाली काळंनिळं, मनगट सुजलेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘क्या हुआ?’ उत्तर शेजारी उभ्या नवऱ्यानं दिलं, ‘बाथरूम में फिसल गई जी.’ पर्चीवर तेच उतरलं. खाली दुखण्याच्या गोळ्या, एक मलम. पुढचा नंबर! बाईनं तोंड उघडलंच नाही. फरशीला मूठ असते, हे मला त्या दिवशी कळलं.

तसा निर्जीव वस्तूंवर आळ घेण्यात या शहराचा हात कुणी धरणार नाही. एके काळी इथे स्टोव्ह भडकायचे. स्टोव्ह मोठा चोखंदळ. सासूनं पेटवला की निमूट चहा करून द्यायचा, सुनेनं पेटवला की भडका. 1979 मध्ये सत्या रानी चड्ढा यांची गरोदर लेक जळून गेली. मागणी होती स्कूटरची. ही माउली कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. जावयाला शिक्षा झाली 2000 साली आणि उच्च न्यायालयानं ती कायम केली 2013 मध्ये. दरम्यान त्यांच्यासारखीच लेक गमावलेल्या शाहजहान आपांबरोबर त्यांनी ‘शक्ती शालिनी’ ही संस्था उभी केली.

स्टोव्हचा हिशेब पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2009 मध्ये छापला. 2001 या एका वर्षात देशात आगीनं 1 लाख 63 हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत 1 लाख 6 हजार बायका, बहुतेक 15 ते 34 वयाच्या. सगळ्याच जाळल्या गेल्या असं कुणी म्हणत नाही. पण पोलिसांच्या वहीत एकूण आकड्याचा जेमतेम सहावा हिस्सा होता. बाकीच्या बहुधा घसरून पडल्या असाव्यात.

मग गॅस आला, स्टोव्ह निवृत्त झाला आणि 2022 मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात फ्रिज उभा राहिला. वसईची मुलगी, दिल्लीत छतरपूरची खोली, मेहरौलीचं जंगल; खून करून तुकडे फ्रिजमध्ये ठेवल्याचा आरोप तिच्यासोबत राहणाऱ्या मुलावर. तिचं नाव मुद्दाम घेत नाही, वाहिन्यांनी ते पुरेसं वापरून झालंय. फ्रिज किती लिटरचा, तुकडे किती, मुलगा कोणत्या धर्माचा, सगळं आपल्याला तोंडपाठ. पण नोव्हेंबर 2020 मध्येच तिनं नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांना लिहून दिलं होतं, की हा मला मारतो आणि तुकडे करण्याची धमकी देतो. पुढच्याच महिन्यात ती पाठदुखीसाठी रुग्णालयात दाखल झाली आणि त्याच महिन्यात तिनं तक्रार मागेही घेतली. पोलिसांकडे कागद होता, डॉक्टरांसमोर पाठ होती. दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. खटला सुरू आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल. त्या पाठीचा निकाल कोण देणार?

यावर संशोधन नाही असं मात्र म्हणू नका. नव्वदच्या दशकाअखेरीस सात ठिकाणी 9,938 बायकांना विचारून झालंय. त्यात दिल्ली होती आणि आपलं नागपूरही. दहापैकी चौघींचं मन खचलेलं निघालं. चापट, ठोसा, लाथ, बदडणं यांतलं काहीही सोसलेल्या बाईला हा धोका दुपटीहून जास्त, चारही सोसलेलीला साडेतीनपट. जागतिक आरोग्य संघटनेचा 2013 चा अहवाल सांगतो, की अशा बाईला नैराश्याचा धोका जवळपास दुप्पट आणि कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता 16 टक्क्यांनी जास्त. म्हणजे लाथ आईला, वजन बाळाचं घटतं. त्याच अहवालात आहे, की जोडीदाराचा मार खाणाऱ्यांपैकी 42 टक्के बायकांना इजा होते. उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त जणींचा एक्स-रे स्वच्छ. त्या ‘अंग दुखतं’, ‘झोप लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’ म्हणत येतात आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन घरी जातात.

बायका सांगतच नाहीत हो, असं डॉक्टर म्हणतात. खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) मार सोसलेल्यांपैकी 77 टक्के जणी कुणाकडेच बोलल्या नाहीत. आणि बोलणार कुणाशी? त्याच सर्वेक्षणात 45 टक्के बायकांनी आणि 44 टक्के पुरुषांनी नवऱ्यानं मारणं निदान एका कारणासाठी रास्त ठरवलंय. विचारलेल्या सात कारणांत ‘स्वयंपाक नीट न करणं’ही आहे. भाजी बिघडली तर फोडणी बदलतात असं ऐकून होतो.

बरं, विचारायचं कसं, हेही शोधून झालंय. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र उघडलं. मार खाल्लेल्या बाईला औषधाच्या खिडकीशेजारीच समुपदेशक भेटते. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते पोचलं. आणि कायदा तर दिल्लीतच झाला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांत 17 वा नियम आहे : अशा बाईला रुग्णालयानं उपचार नाकारायचे नाहीत, घटनेचा अहवाल आधी झाला नसेल तर ठरलेला अर्ज स्वतः भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. ज्या पर्चीवर ‘फिसल गई’ लिहिलं जातं, तिच्या शेजारी हा अर्ज ठेवलेला मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा डॉक्टरसाहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी फरशी आली, की तिच्यासोबत आलेल्या नवऱ्याला सांगा, ‘आप ज़रा बाहर बैठिए.’ मग बाईला विचारा, कुणी मारलं? आणि वाचकहो, शेजारच्या घरात फरशी वारंवार निसरडी होत असेल तर महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर लक्षात ठेवा. तो फोन फुकट आहे.