मागच्या उभ्या पट्ट्या

रविवारी सकाळी सातला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीचं दार उघडं असतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आलेले असतात. नव्या वॉचमनने पहिल्या रविवारी ते पाय पाहून जोरात शिट्टी फुंकली होती. आता त्याला ठाऊक आहे की पायांचा मालक आत डॅशबोर्डखाली असून सुखरूप आहे. ते काका असतात आणि एसीचे व्हेंट साफ करत असतात.

काकांना नाव आहे, आडनाव आहे, बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी आहे. पण त्या सगळ्यावर आता धूळ बसली. सोसायटीत ते फक्त ‘व्हेंटवाले काका’. आणि हे काही आमच्या कोथरूडचंच वैशिष्ट्य नाही. ठाण्याला मेव्हण्याकडे गेलो तर तिथे असेच दोन पाय दिसले. नाशिकच्या मित्राच्या सोसायटीत तर त्या पायांत स्लीपरही तीच होती. तीसच्या वर गाड्या झाल्या की सोसायटीत असा एक काका निपजतोच. बहुधा त्याशिवाय इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळत नसावं.

गाडी बाहेरून धुणाऱ्यांबद्दल काकांना तेच वाटतं, जे सवाई गंधर्वला चटई टाकून बसणाऱ्याला वरातीतल्या बँडबद्दल वाटतं. पहाटे बादली घेऊन येणाऱ्या, महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणाऱ्या पोराशी तर त्यांचं उभं वैर आहे. तो सगळ्या गाड्यांना एकच ओलं फडकं मारतो आणि कोणी आतून पुसायला सांगितलंच, तर तेच फडकं व्हेंटवरून फिरवतो. “ओल्या फडक्यानं धूळ जात नाही रे,” काका कळवळून सांगतात, “तिचं पिठलं होतं. आणि ते पिठलं पट्ट्यांच्या मागे जाऊन वाळतं.”

काकांची हत्यारं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असतात. त्यात रंगाचा अर्धा इंची ब्रश आहे, निवृत्त टूथब्रश आहेत, जुन्या बनियनची चिंधी रबराने गुंडाळलेल्या आइस्क्रीमच्या काड्या आहेत आणि गालांना लाली लावायचा एक मऊसूत ब्रश आहे. हा शेवटचा काकूंनी पुतणीच्या लग्नासाठी घेतला होता. लग्नानंतर तो कुठे गेला याचा शोध काकूंनी आठ महिने घेतला, आणि लागला तेव्हा त्याला परत घरात घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. कान कोरायच्या कापसाच्या काड्यांना मात्र डब्यात प्रवेश नाही. त्यातली एक डाव्या व्हेंटमध्ये मोडून आत पडली आहे आणि पुलाच्या सांध्यांवरून गाडी गेली की अजून खुळखुळते. काका तेव्हा क्षणभर गप्प होतात.

एकदा न्यू जर्सीच्या भाच्याने जांभळ्या रंगाचा एक गिळगिळीत गोळा आणून दिला होता. व्हेंटवर दाबायचा आणि ओढून काढायचा, धूळ त्याला चिकटून येते. येते, हे खरं. पण काकांनी तो मे महिन्यात, उन्हात उभ्या गाडीत दाबला आणि तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली. परत आले तेव्हा गोळा पातळ होऊन आतल्या खोबणीत उतरला होता. पुढचे दोन महिने काका जिन्यात कोणाशी बोलले नाहीत. हा विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो.

इतर विषय मात्र तुम्हाला काढावे लागत नाहीत. “व्हेंटला पुढे आडव्या पट्ट्या असतात,” काका समजावतात, “त्या सगळेच पुसतात. पाहुण्यांना दिसतात ना! पण त्यांच्या मागे उभ्या पट्ट्या असतात, वारा डावी-उजवीकडे वळवणाऱ्या. त्या कोण पुसतो? माणूस तिथे कळतो.” सोसायटीच्या निवडणुकीत खजिनदारपदाच्या एका उमेदवाराला त्यांनी केवळ मागच्या उभ्या पट्ट्यांवरून मत दिलं नव्हतं. पुढे हिशेबात खरोखरच घोळ निघाला, तेव्हापासून लोक काकांसमोर गाडीचं दार जपून उघडतात.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी सगळं कोरडं. ब्रश वरून खाली, आणि खाली फडकं धरायचं, म्हणजे धूळ गिअरच्या खाचेत जात नाही. फवारा थेट व्हेंटवर कधीच मारायचा नाही, मागे बटणांच्या वायरी असतात. मारायचा तो फडक्यावर. मग आतली हवा फिरवणारं बटण बंद करून, बाहेरची हवा घेऊन, ब्लोअर पूर्ण जोरात. या वेळी गाडीबाहेर उभं राहायचं आणि तोंड मिटायचं. या शेवटच्या सूचनेचं महत्त्व दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी वहिनींना फार उशिरा कळलं.

आत काय काय सापडतं, हे काका डेक्कन कॉलेजात उत्खनन शिकल्यासारखे सांगतात. लहान पोरांच्या दृष्टीने व्हेंट म्हणजे गाडीला दिलेला गल्ला. एका जुन्या मारुतीच्या मधल्या व्हेंटमधून काकांनी चार आण्याचं नाणं काढलं आणि तिथल्या तिथे काळ ठरवला: “चार आणे 2011च्या जूनमध्ये बंद झाले. म्हणजे हा थर त्याच्या आधीचा.” मालकाला काही बोलता येईना. तो म्हणत होता, दर वर्षी सर्व्हिसिंगला आतून साफ करून घेतो.

माझं स्वतःचं बिंग याहून वाईट फुटलं. जुलै महिना, खंडाळ्याचा घाट, धो धो पाऊस, आणि समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. बायकोने काच स्वच्छ करायचं बटण दाबलं. त्याबरोबर काचेच्या मुळाशी जी लांब फट असते, तिच्यातून गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू, बारा-पंधरा अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या थेट आमच्या तोंडावर आल्या. मागे बसलेल्या आईने हात जोडले. मला शिंक आवरेना आणि घाटात गाडी कडेला घेता येईना.

रविवारी काकांकडे कबुलीजबाब द्यायला गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “पूजा बॉनेटवर करायची. डॅशबोर्डवर अक्षता टाकल्या की त्या खाली जातात. देव त्या परत करतो, पण सवडीने.” मग नाक पुढे करून त्यांनी माझ्या गाडीचा वास घेतला. “ओल्या गोणपाटाचा वास येतो का एसी लावल्यावर? येणारच. आत थंड होणारी जाळी असते, तिच्यावर पाणी धरतं. पाणी, त्यावर धूळ, त्यावर बुरशी. घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, जाळी वाळते. आणि तू काय करतोस? वर अत्तराची बाटली अडकवतोस!” ती बाटली त्यांनी दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली, मेलेली पाल द्यावी तशी.

एवढ्यावर भागलं नाही. समोरचा कप्पा त्यांनी खाली ओढला, त्याच्या मागचं झाकण काढलं आणि एसीचा फिल्टर बाहेर घेतला. मूळचा पांढरा फिल्टर पावसाळी ढगाच्या रंगाचा झाला होता. त्याच्यावर पिंपळाची दोन पानं आणि शेंगदाण्याची टरफलं होती. आम्ही गाडीत शेंगदाणे खात नाही, असं मी सांगितलं. “तू नाही खात,” काका म्हणाले. त्या संध्याकाळी मी बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधली. उंदीर जातात म्हणे. माझ्या गाडीत आता गोणपाट आणि तंबाखू असा संमिश्र वास येतो, आजोळच्या माजघरासारखा. नवा फिल्टर बसवताना काकांनी त्यावरचा बाण मला तीनदा दाखवला. हवा जिकडे जाते तिकडे बाणाचं टोक हवं. मी उलटा धरला होता हे सांगायला नकोच.

या सगळ्या ज्ञानाचा मुकुटमणी म्हणजे पॅकार्डची गोष्ट. 1939मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी दिला. अर्धी डिकी त्या यंत्रानेच भरायची आणि एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढावा लागे. काका ही गोष्ट गच्चीवरच्या कोजागिरीला सांगत होते. दुधाचे पेले भरणाऱ्या काकू मान वर न करता म्हणाल्या, “आमच्याकडे तो पट्टा लग्नापासून काढलेलाच आहे.”

सगळे हसले. मला अर्थ कळला नाही. तो महिन्याभराने कळला.

काकांची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती आणि त्यांना शिवाजीनगरला जायचं होतं, म्हणून मी माझ्या गाडीत घेतलं. नोव्हेंबरातलं दुपारचं ऊन होतं. नळ स्टॉपला सिग्नलला उभे राहिलो. काकांनी साफ केलेले व्हेंट, नवा फिल्टर. मी मोठ्या अभिमानाने एसी लावला.

“हे काय करतोस?” काका दचकले.

“एसी, काका.”

“कशाला? पेट्रोल खातो तो. बंद कर, बंद कर. काचा उघड.”

“मग तुम्ही गाडीत एसी...”

“लावतो ना. दर रविवारी दहा मिनिटं. कॉम्प्रेसरमधलं तेल फिरतं राहायला पाहिजे.”

“पण ते पार्किंगमध्ये. तेव्हा तर तुम्ही बाहेर उभे असता.”

“आत बसून काय करायचंय?”

मी एसी बंद केला आणि चारही काचा खाली घेतल्या. पुढे खडी भरलेला डंपर होता. सिग्नल सुटला, डंपरने हिसका दिला आणि मागे पिवळट धुळीचा एक लोट सोडला. तो खिडकीतून आत आला, आमच्या चष्म्यांवर बसला आणि मग सावकाश, जागा पाहून घेत, मधल्या व्हेंटच्या पट्ट्यांवर उतरला.

काकांनी पुढे वाकून, चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी कोजागिरीलाही पाहिला नव्हता.

“मागच्या उभ्यांवर पण गेली,” ते म्हणाले. “रविवारी सातला ये. डबा मी आणतो.”