सरळ डिस्क: निवड, वापर आणि सबबी

डिस्क गोल्फ खेळणाऱ्याच्या पिशवीत डझनभर तरी डिस्क असतात. लांब जाणारे ड्रायव्हर, ज्यात डिस्क टाकायची त्या बास्केटजवळ वापरायचे पटर आणि या दोहोंच्या मधल्या पल्ल्याच्या मिडरेंज. या मिडरेंजमध्ये एक जात अशी आहे की ती जशी फेकाल तशी जाते. दुकानदार हा तिचा गुण म्हणून सांगतात. पिशवीतली बाकी सगळी सामग्री थोडीफार खेळाडूची बाजू घेते. ही घेत नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी पुढील सूचना वाचून घ्याव्यात.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. एड हेडरिक या गृहस्थांनी 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान उभे केले. साखळ्या लोंबणारी बास्केटही त्यांचीच. 2002 साली ते वारले तेव्हा त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क काढण्यात आल्या. झाडावर किंवा कुणाच्या छपरावर अडकण्याची शक्यता या माणसाने मृत्यूनंतरही खुली ठेवली. खेळाची परंपरा किती गंभीर आहे हे यावरून ध्यानात यावे.

अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी माणूस या खेळाकडे वळतो त्याचे पहिले कारण म्हणजे बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असतात आणि फुकट असतात. डिस्कही दहा-वीस डॉलरला मिळते. तिसऱ्या खरेदीपर्यंत हा हिशेब बरोबर असतो.

आता निवड. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. पहिल्या दोहोंवरून ती किती जोराने फेकावी लागेल आणि हवेत किती तरंगेल याचा अंदाज येतो. भानगड पुढच्या दोहोंत आहे. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. सुरुवातीला वेग जास्त असताना हवा तिची पुढची कड खाली दाबू पाहते. पण फिरणारी वस्तू ढकलली त्या बाजूला न कलता काटकोनात कलते, म्हणून डिस्क उजवीकडे झुकते. हा टर्न. वेग ओसरला की हाच दाब उलटतो, पुढची कड उचलली जाऊ लागते आणि डिस्क डावीकडे कलत खाली येते. हा फेड. डावखुऱ्यांनी सगळे उलटे वाचावे. त्यांना सवय असतेच. ज्या मिडरेंजमध्ये हे दोन्ही आकडे शून्याच्या आसपास असतात, ती सरळ. डिस्क्राफ्टच्या बझवर 5, 4, -1, 1 असे आकडे असतात आणि इनोव्हाच्या माको3 वर 5, 5, 0, 0. शेवटची दोन शून्ये पाहून हुरळून जाऊ नये. खेळाडूच्या वाट्याला काय काय येणार आहे याचा तो आगाऊ हिशेब असतो.

हे आकडे ठरवतो कोण? डिस्क बनवणारी कंपनीच. खेळाची संघटना व्यास, वजन आणि कडेची मापे तपासते. डिस्क उडते कशी याबद्दल ती काहीही प्रमाणित करत नाही. तेव्हा मुलाच्या आत्याने लिहिलेली स्थळाची माहिती आपण ज्या नजरेने वाचतो, त्याच नजरेने हे आकडे वाचावेत. वजनाला मात्र पक्का नियम आहे: व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम. त्यामुळे बहुतेक मिडरेंजचे वजन 180 ग्रॅमच्या आसपास थांबते. जड डिस्क वाऱ्यात कमी हेलकावते, हलकी डिस्क कमी जोरात जास्त तरंगते. वजनाचा ऊहापोह याहून अधिक करणारे लोक भेटतील. त्यांना फेकायला सांगावे.

प्लॅस्टिकचा विचार सविस्तर केला पाहिजे, कारण दीर्घ मुदतीची सबब इथेच तयार होते. स्वस्त प्लॅस्टिक हाताला छान बसते, पण झाडांवर आपटून लवकर झिजते, आणि झिजलेली डिस्क उजवीकडे अधिक कलू लागते. महाग प्लॅस्टिक टिकते, आणि नवे असताना शेवटी किंचित डावीकडे ओढते. यावरून सुज्ञ खेळाडू एकाच डिस्कच्या दोन प्रती बाळगतात, एक झिजलेली आणि एक कोरी. अनुभवी लोक याचा खरोखर उपयोग करतात. ज्या बाजूला वळण हवे ती प्रत काढतात. आपण हे तंत्र फेकून झाल्यावर वापरायचे आहे. डिस्क उजवीकडे गेली तर, “ही आता फार झिजली.” डावीकडे गेली तर, “अजून रुळली नाही.” मात्र कुठली प्रत हातात आहे हे फेकण्याआधी कुणाला दाखवू नये.

वाराही मदतीला येतो. समोरून वारा असला की डिस्कला वेग वाढल्यासारखाच अनुभव येतो आणि ती उजवीकडे झुकते. पाठीमागून असला की लवकर डावीकडे येते. चिमूटभर गवत उडवून पाहण्याची प्रथा आहे. गवत सरळ खाली पडले तर ते पायाखाली घ्यावे. डेन्व्हरसारख्या उंचीवरच्या शहरात हवा विरळ असल्यामुळे डिस्कला उजवीकडचा कल कमी मिळतो आणि ती डावीकडे ओढते. ही अत्यंत प्रतिष्ठित सबब आहे, पण ती समुद्रसपाटीवर चालत नाही.

प्रत्यक्ष फेक. पकड घट्ट, खांदा सैल. डिस्क छातीसमोरून सरळ रेषेत ओढावी; हात शरीराभोवती गोल फिरला की ती कुठल्या क्षणी सुटेल हे तिलाही कळत नाही. सुटताना ती सपाट असावी आणि पुढची कड किंचित खाली असावी. नवशिक्यांचे नव्वद अपराध इथेच घडतात: कड वर राहते, डिस्क आकाशात चढते, थबकते आणि डावीकडे ढासळते. यावर “ही डिस्क फारच डावी आहे” असा निष्कर्ष काढून माणूस दुकानात जातो. या निष्कर्षावर एक अख्खा उद्योग उभा आहे. सुटताना डिस्क थरथरत असेल तर हाताने वाकडे बळ लावले आहे असे समजावे. अशा वेळी ताकद वाढवू नये, कमी करावी. सावकाश आणि स्वच्छ फेकलेली मिडरेंज जिवाच्या आकांताने फेकलेल्या ड्रायव्हरपेक्षा पुढे जाऊन पडते, हे या खेळातले सर्वांत जास्त ऐकले जाणारे आणि सर्वांत कमी पाळले जाणारे सत्य आहे. नवशिक्यांनी पहिले काही महिने ड्रायव्हर घरी ठेवावा, असे जाणकार सांगतात. ते बरोबर आहे, आणि नेमके त्यामुळेच कुणी ऐकत नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटसारख्या ठिकाणी मैदाने दाट झाडीत असतात. टीपासून, म्हणजे फेकायच्या जागेपासून, बास्केटपर्यंत एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना पाइनची झाडे. सरळ डिस्कचे काम खरे इथे. इथेच बरोबरीचे लोक धीर देतात की झाडात नव्वद टक्के हवाच असते. उरलेले दहा टक्के डिस्कला बरोबर सापडतात. इथे वारा नसतो, सूर्य डोळ्यांवर येत नाही. डिस्क उजवीकडे सुटली तर ती उजवीकडेच, तुम्ही दिलेल्या कोनात, कुठलीही सुधारणा न करता निघून जाते आणि मागे उभी असलेली चार माणसे तो कोन पाहतात. डावीकडे ओढणारी डिस्क असती तर शेवटी थोडी परत तरी आली असती. म्हणून झाडीत सरळ डिस्क फेकल्यावर लगेच “लाइन बरोबर होती” असे म्हणावे. लाइन कशाला म्हणायचे यावर एकमत नसल्यामुळे हे विधान सहसा टिकते. डिस्क माणसांच्या दिशेने चालली असेल तर मात्र आधी “फोर!” ओरडावे, लाइनचे नंतर.

कुणीतरी 2021 च्या जागतिक स्पर्धेची आठवण काढेलच. युटामधल्या ऑग्डेनला शेवटच्या होलवर जेम्स कॉनराडने 247 फुटांवरून डिस्क थेट बास्केटमध्ये घातली, पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली आणि जादा होलमध्ये विजेतेपद मिळवले. ती डिस्क मिडरेंज नव्हती, पटर होती. हा तपशील आपणहून सांगू नये. त्यातून डिस्कपेक्षा हाताला महत्त्व आहे असा गैरसमज पसरतो.

डिस्कच्या खालच्या बाजूला नाव आणि फोन नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावा. झुडपात हरवलेल्या डिस्क लोकांना सापडतात आणि ते आवर्जून फोन करतात. ती कुठून फेकली होती असे विचारले तर सातव्या टीवरून, असे खरे सांगावे. “पण मला तर दहाव्या होलजवळ सापडली,” असे समोरचा म्हणाला तर त्या दिवशीच्या वाऱ्याचा उल्लेख करावा. त्या दिवशी तोही तिथेच खेळत होता आणि पानसुद्धा हलत नव्हते, असे निघाले तर डिस्क त्याला भेट देऊन फोन ठेवावा.