डोहाळजेवणातली टाक्यांची गोष्ट

अहो, ऐकलंत का? या जरा कुंपणाशी, मोठ्यानं बोलायची गोष्ट नव्हे. कोपऱ्यावरच्या काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण झालं ना परवा... तुम्ही नेमक्या गावाला! जिलबी वाढेपर्यंत सगळं छान होतं हो. मग आत्याबाई सुरू झाल्या, "पहिलटकरणीला बाळंतपणात खाली कट द्यावाच लागतो, टाके काही चुकत नाहीत." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

तिची नणंद लेबर रूममध्ये सिस्टर आहे ना, ती फणकारली, "आत्या, सरसकट कट देऊ नका असं डब्ल्यूएचओनं २०१८ सालीच सांगितलंय. गरज असेल तरच!" आत्याबाईंचा घास हातातच राहिला.

तर काय सांगत होते... हां, नणंदेनं सांगितलेलं मालिश! पस्तिसावा आठवडा लागला, की डॉक्टरांना विचारून, हात स्वच्छ धुऊन, त्या खालच्या जागेला तेलानं हलकं मालिश करायचं म्हणे. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. पहिलटकरणींना टाके लागायचं प्रमाण त्यानं कमी होतं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, तिथे?" आणि त्यांचा मुलगा जो सटकला तो थेट गच्चीवर!

नणंद थांबते कुठली? म्हणे, कळा देताना सिस्टरनं गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिथे धरलं, की शौचाच्या जागेपर्यंत जाणारी मोठी चीर पडायचा धोका घटतो.

आत्याबाईंना राहवेना. "मी दातओठ खाऊन जोर लावला, एका दमात मोकळी झाले!" नणंद शांतपणे म्हणाली, "डोकं दिसायला लागलं की सिस्टर सांगेल तसा जोर आवरायचा, तोंडानं फूफू करायचं. डोकं सावकाश आलं, की कातडीला ताणायला वेळ मिळतो. तुम्हाला टाके किती पडले होते?"

"मोजले कुणी? महिनाभर धड बसता येत नव्हतं!" काय हसलो म्हणून सांगू... पण पुढे नणंद म्हणाली, "नंतर वायू आवरत नसेल, तर लाजू नये, डॉक्टरांना दाखवावं." आणि आत्याबाई एकदम गप्प. चेहरा असा उतरला हो... मी आपली मठ्ठा वाढायला उठले.

तुमच्या लेकीला सातवा ना? डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, कट कधी देता, शेक देता का, कुशीवर झोपून बाळंत होता येईल का. एवढं करूनही टाके पडलेच, तर तिला बोल लावू नका हं. आणि आत्याबाईंचं... माझं नाव कुठे घेऊ नका!