मिठाची गोणी

अहो, ऐकलंत का? या की जरा इकडे, कुंपणाशी. ते टॉवेल नंतर घाला वाळत, तसेही पापडासारखे कडकच होणार आहेत. आमचेही होतात. त्याचंच तर सांगायचंय.

आमच्या सेक्रेटरींच्या घरी परवा मिठाची गोणी गेली. पंचवीस किलोची! वॉचमनच्या खांद्यावरून, भर दुपारी दोनला, सगळी सोसायटी झोपलेली असताना. मी काही मुद्दाम बघत नव्हते हं, कढीपत्त्याला पाणी घालत होते. घरात माणसं दोन, त्यातलं एक बीपीचं. संध्याकाळी लिफ्टपाशी त्यांच्या मिसेसना सहज विचारलं, "लोणचं का?" तर म्हणाल्या, "हो, कैऱ्या आल्यात ना." आणि सटकल्याच. आता पंचवीस किलो मिठाला कैऱ्या किती लागतील, तुम्हीच सांगा...

तर काय सांगत होते, आमचा गीझर. दोन वर्षं नाही झाली आणि गेला. ह्यांनी कंपनीला फोन लावून आवाज चढवला, माल खराब दिला म्हणून. मग मिस्त्री आला, कॉइल काढली आणि ह्यांच्या हातात ठेवली. पांढऱ्या पुटांनी ही एवढी जाड, बेसनात घोळवून तळल्यासारखी! म्हणाला, "काका, गीझर काय करेल? बोअरचं पाणी. आधी हे पूट तापतं, मग पाणी." ह्यांचा चेहरा बघायला हवा होतात. इतके दिवस लाइटबिल वाढलं की माझ्या आंघोळीला बोल लावायचे!

आपलं देहरंग धरणाचं पाणी कसं हलकं. डोंगरावरून आलेलं पावसाचं, साबण नुसता दाखवला तरी फेस. पण उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसायला लागतो, पाणी दिवसाआड, आणि मग सोसायटीच्या टाकीत गुपचूप बोअर सोडतात. ते खडकातून झिरपत आलेलं, कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेऊन. थंड आहे तोवर विरघळून गप्प बसतं, तापलं की खडू होऊन चिकटतं. म्हणून पहिला बळी गीझरचा. हे सगळं सूनबाईचं ज्ञान हं, ती केमिस्ट्री शिकवते. मला एवढंच कळतं, की तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही डोळे वटारून बघते. सासूबाई चिमूटभर सोडा टाकायच्या, "पाणी जड आहे गं" म्हणत. त्यांना कुठे कॅल्शियम ठाऊक होतं!

अहो, तो फिल्टर विकणारा टाय लावून आला होता, ते सांगितलं का? दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी सळ्या सोडून करंट दिला. आमचं पाणी गढूळ, तपकिरी, वर फेस! शेजारच्या काकूंनी तर तोंडाला पदर लावला. "हे पिता तुम्ही," म्हणाला. सूनबाई उठली, डब्यातलं चिमूटभर मीठ त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं आणि म्हणाली, "आता लावा." तेही तसंच तपकिरी! सळीचंच लोखंड गंजून उतरतं म्हणे, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, एवढंच. त्याने मुकाट्याने सळ्या पुसल्या. चहाही नाही घेतला.

मग मीटिंग. ह्यांनी ती कॉइल पिशवीतून नेली आणि टेबलावर ठण्णकन ठेवली. सेक्रेटरी शांत. लॅबचा कागदच काढला. "सरकारी स्टँडर्डप्रमाणे कठीणपणा लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आपला आतच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. सूनबाई मागून म्हणाली, "काका, बरं पाणी म्हणजे २०० पर्यंत. ६०० ची सूट दुसरं पाणीच मिळत नसेल तर." त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली...

हां, मीठ! घरी येताना सूनबाईला गोणीचं सांगितलं, तर जिन्यातच हसत बसली. म्हणाली, "आई, लोणचं नाही, सॉफ्टनर!" पाणी हलकं करायचं यंत्र असतं. त्यातले बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम देतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, की पुन्हा तयार. त्याला लागतं गोणीगोणीने मीठ. म्हणजे बघा, आम्हाला ६०० चा कागद आणि स्वतःच्या नळाला...! तरीच मिसेसचे केस एवढे मऊ. मी म्हणत होते शांपू बदलला.

तुम्ही मात्र वॉशिंग मशीनमध्ये लिंबूसत्व टाकून गरम पाण्यावर एकदा रिकामं फिरवा. गीझरचा काटाही खालीच ठेवा, जितकं तापेल तितकं पूट. मी केलंय, मशीनमधून काय काय निघालं सांगू...

थांबा हं. लिफ्ट वाजली का? दोनच वाजलेत. कढीपत्ता सुकला असेल बाई, आलेच.